घरची भाजी व घरचें बीं

घराभोवतीं भाजीपाला लावण्याची हौस लोकांत पुन्हा वाढली, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. परंतु ती टिकेल काय? दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या सुमारास, अमेरिकेंत अंगणांतून व पडीक जागांतून दोन कोटींच्या आसपास भाजीबागा झाल्या. युद्ध संपलें आणि पुष्कळांनीं कुदळी ठेवून दिल्या. २०२० सालीं कोरोनाच्या सांथीनें तीच हौस परत आणली. १८७६ सालीं स्थापन झालेल्या बर्पी कंपनीनें त्या मार्च महिन्यांत पूर्वीं कधींही विकलें नव्हतें इतकें बियाणें विकलें!

आमच्या खेड्यांतील परसबाग संकटाची वाट पाहत नसे. मोरीचें पाणी अळूला जाई, दोडका कुडावर चढे, आणि घरची वडील बाई एक चांगलें फळ वेलावरच वाळूं देऊन त्याचें बीं राखेंत घोळून ठेवी. खरें मर्म या बियांत आहे. पाकिटांतील संकरित बीं भरघोस येतें. पण त्याच्या पिकाचें बीं धरून पेरिलें तर ते गुण जसेच्या तसे उतरत नाहींत. मग दरवर्षीं पैसा मोजणें आलें, व तंगीच्या सालीं, म्हणजे गरज असतांनाच, बाग बंद पडते. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणीं जतन केलीं; त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली.

नवशिक्यानें आरंभ घेवड्यापासून करावा. भोपळा, काकडी यांचें बीं शेजारच्या जातीशीं सहज मिसळतें. घेवड्याचें बहुधा शुद्ध राहतें. एका वेलाच्या शेंगा न तोडतां पुरत्या वाळूं द्याव्या.