जुना गेम, नवा संगणक

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालच्या एका गेमची मूळ सीडी आहे. तिच्यावर ओरखडाही नाही, पण विंडोज १० वर गेम सुरू होत नाही. तोच गेम ‘गॉग’वर मिळतो. पुन्हा पैसे घालावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सीडी ठीक असावी, अडचण बहुधा तिच्या कुलपात आहे. त्या काळी पुष्कळ गेमवर ‘सेफडिस्क’ हे कॉपी-संरक्षण असे. ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात ड्रायव्हर बसवून सीडी अस्सल आहे का, हे तपासायचं. हा ड्रायव्हर सुरक्षेला धोक्याचा ठरला आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने त्याला थारा दिला नाही. चोरून नक्कल करणारे केव्हाच सुटले. अडकले ते पैसे मोजणारे. हा मला सरळ अन्याय वाटतो.

म्हणून माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये गॉग सुरू केलं, ते कुलूप काढलेले गेम विकण्यासाठीच. डॉसच्या काळातले गेम तिथे बहुतेकदा ते नव्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रामसह येतात, त्यामुळे वेगळी खटपट उरत नाही. पण जुना गेम पुन्हा विक्रीला आणताना खरं अवघड काम त्याचे हक्क कोणाकडे आहेत हे शोधण्याचं असतं. ‘सिस्टम शॉक २’चा स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला, हक्क एका विमा कंपनीकडे गेले आणि २०१३ मध्ये नाइटडाइव्ह या कंपनीने तो गेम परत आणला.

खरेदीनंतर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. पुढे इंटरनेट नसलं तरी गेम बसवता येईल. मित्रांना मात्र प्रती वाटू नका, परवाना तुमच्यापुरताच आहे.