आजार जसा आहे तसा सांगावा



आजाराचे नाव कळले म्हणजे आजार कळला, असे आपण सर्वजण धरून चालतो. प्रत्यक्षात नाव कळल्यानंतरच खरे प्रश्न सुरू होतात. फुफ्फुसाच्या जुनाट विकाराबाबत हा अनुभव फार घरांतून येतो. आमच्याही घरी आला. म्हणून हा विषय अभ्यासासाठी मांडत आहे.

माझ्या आईने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली. विडी किंवा तंबाखू तिला ठाऊक नव्हती. दम लागू लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला नळीतून जोराने फुंकायला लावले आणि कागदावर ‘सी.ओ.पी.डी.’ असे लिहून दिले. पंप सुरू झाला. पण पुढे घोट्यांवर सूज येऊ लागली, सकाळी उठताच डोके दुखू लागले, हात थरथरू लागले, वेणी घालतानाही दम लागू लागला. छातीच्या रोगाचा पायाशी काय संबंध, हे कोणालाच कळेना. शेजारणी म्हणाल्या, मागल्या जन्मीचे भोग आहेत. आम्ही मुले म्हणालो, वय झाले. आईने मनाशी ठरवले की, पंपच बाधतो. तिने कोणाला न सांगता पंप बंद केला. पावसाळ्यातील एका रात्री तिला उचलून दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा आम्हां सर्वांचीच कारणे चुकीची ठरली.

हा आजार कोणता?

सी.ओ.पी.डी. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा व फुफ्फुसातील हवेचे फुगे खराब होण्याचा विकार. घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छातीतच अडकून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 साली जगात सुमारे 32 लाख माणसे या आजाराने दगावली. विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण आहेच. पण लाकूडफाटा व गोवऱ्यांचा धूर, खाणीतील व गिरणीतील धूळ आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हीदेखील कारणे आहेत. ही कारणे कोणाच्या वाट्याला अधिक आली, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पूर्वकर्म की प्रत्यक्ष कारण?

संयुत्त निकायातील वेदना संयुत्तात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्न आला आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी उत्तरात पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, विषम राहणी आणि बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजून दाखविली. कर्मविपाक हे त्यांतील केवळ आठवे आणि शेवटचे कारण. सर्व काही पूर्वकर्माचे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवालाही आणि जगाने मान्य केलेल्या सत्यालाही सोडून बोलतात, असा त्या उत्तराचा आशय आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला. गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकण्यासाठीच तो उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या फुफ्फुसाला ‘भोग’ म्हटले की धुराचा विचार करण्याची गरजच उरत नाही.

गोंधळात टाकणारी लक्षणे व त्यांची कारणे

1. *घोट्यांवर सूज* – फुफ्फुस खराब झाले की त्यात रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. ती थकली की पायांत पाणी साठते. हृदय व मूत्रपिंड यांची तपासणी त्यासाठी करावी लागते.

2. *सकाळची डोकेदुखी, दिवसा गुंगी* – रात्री श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात साचतो. अशा रुग्णाला मनाने जास्त ऑक्सिजन लावणेही धोक्याचे असते. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

3. *हात थरथरणे, छातीत धडधड* – श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या काही औषधांचा हा परिणाम असतो. पंप परस्पर बंद करू नये. तो किती व कसा ओढतो, ते डॉक्टरांना करून दाखवावे.

4. *तोंडात पांढरे चट्टे, आवाज बसणे* – स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ न भरल्याने असे होते.

5. *वेणी घालताना, वाकताना दम* – खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करीत असतात. हात वर गेले की ती मदत तुटते. वाकल्याने पोटाचा दाब छातीवर येतो. बसून, टेकू घेऊन कामे करावीत.

6. *दोन घासांत पोट भरणे, वजन उतरणे* – फुगलेली छाती पोटाला दाबते आणि श्वास घेण्यातच शक्ती खर्च होते. थोडे थोडे, पण अनेकदा खावे.

मात्र प्रत्येक लक्षण या एकाच आजाराच्या माथी मारणे हीदेखील चूकच. थुंकीतून रक्त, सततचा ताप, रात्रीचा घाम, झपाट्याने घटणारे वजन असेल तर क्षयरोग व कर्करोग यांची तपासणी करून घ्यावी. एकाच पायाला सूज व दुखणे, छातीत कळ, निळे पडलेले ओठ, बोलण्यातील भ्रम यांपैकी काही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दुसरा बाण

त्याच वेदना संयुत्तात बाणाचा दृष्टान्त आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्यावर शोक आणि आक्रोश करून माणूस दुसरा बाण स्वतःला लावून घेतो. दमेकऱ्याच्या बाबतीत हे अक्षरशः घडते. दम लागला की भीती वाटते, भीतीने श्वास भरभर होतो, भरभर श्वासाने हवा आणखी अडकते आणि दम वाढतो. अशा वेळी पुढे झुकून बसावे, नाकाने श्वास घ्यावा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडावा. आनापानसतीचा सराव भीती ओळखायला साहाय्य करतो. पण श्वास रोखून धरणे म्हणजे आनापान नव्हे, आणि साधना हा औषधाला पर्याय नव्हे.

रुग्णाचे व समाजाचे कर्तव्य

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः स्नान घातले आणि रुग्णसेवा ही आपलीच सेवा आहे, असे भिक्खूंना सांगितले. कथा आपण नेहमी ऐकतो, पण तिच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. सेवा करण्यास सोपा असा रुग्ण कोणता, हे तेथे सांगितले आहे. तो पथ्य पाळतो, त्यातही प्रमाण ठेवतो, औषध घेतो, वेदना सोसतो आणि हितचिंतक शुश्रूषकाला आपला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढला तर वाढला, कमी झाला तर कमी झाला.

आईने आम्हाला सांगितले नाही, हे खरे. पण ती सांगू लागली तेव्हा आम्ही ‘वय झाले’ म्हणून तिचे बोलणे तोडले, हेही तितकेच खरे. आता तिच्या उशाशी एक वही असते. कोणत्या दिवशी काय झाले, केव्हा झाले, कशाने कमी झाले, हे ती सांगते आणि नात लिहिते. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर जाते. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण पायाची सूज आता वहीत येते आणि औषध वेळीच बदलते.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या वस्तीतील एका तरी वृद्धासाठी अशी वही सुरू करावी. महिला मंडळांनी विहारात धूर, विडी आणि मशेरी यांविषयी बोलावे. शिक्षण आपण घेतले ते याचसाठी.

अभ्यासासाठी प्रश्न

1. सीवकाला दिलेल्या उत्तरात वेदनेची कोणती कारणे सांगितली आहेत?
2. घोट्यांवरील सूज व फुफ्फुस यांचा संबंध स्पष्ट करा.
3. ‘दुसरा बाण’ हा दृष्टान्त दमेकऱ्याला कसा लागू पडतो?
4. आपल्या घरातील कोणाचे कोणते दुखणे आपण ‘वय झाले’ म्हणून ऐकून घेतलेले नाही?

जयभीम! नमो बुद्धाय!