पथ्य एकाचे, स्वयंपाकघर साऱ्यांचे : सीलिॲक रोगाविषयी थोडेसे

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या वार्षिकांकात एका रोगावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या रोगाचा खरा उपचार औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो स्वयंपाकघरात करावा लागतो. आणि स्वयंपाकघर म्हटले की त्यात धान्याचा बाजार आला, पिठाची गिरणी आली, सणवार आले, पंगत आली आणि घरातील माणसांची एकमेकांशी असलेली वागणूकही आली. आमच्या घरात दोघांना हा रोग आहे. त्यामुळे मला तो पुस्तकापेक्षा ताटातूनच अधिक कळला.

रोगाचे स्वरूप

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळे. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिलो तर पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा लगदा उरतो, तेच ग्लुटेन. सातू म्हणजे जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात.

बहुतेकांना ती बाधत नाहीत. परंतु काही माणसांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्यावर घाव घालते. या आतड्याला आतून मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेणे हे त्यांचे काम. ते झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवूनही उपाशीच राहतो. मुलांमध्ये वारंवार जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय आणि खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसतात. मोठ्या माणसांत पुष्कळदा पोटाची काहीच तक्रार नसते. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा पंडुरोग, ठिसूळ होणारी हाडे किंवा तोंडात पुनःपुन्हा येणारे फोड एवढेच दिसते आणि मूळ कारण तसेच झाकलेले राहते. हा रोग संसर्गजन्य नाही आणि गव्हाच्या ॲलर्जीहूनही तो निराळा आहे.

शोधाची कथा

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ॲरेटियस या ग्रीक वैद्याने अशा रोग्यांचे वर्णन केले होते. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच रोगाला आजचे नाव मिळाले. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरांनी मुलांतील रोगाचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले आणि तो बरा व्हायचा तर आहारानेच होईल, असे मत मांडले. परंतु कोणत्या आहाराने, हे पुढे साठ वर्षे कोडेच राहिले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवून गुण आणला. पण श्रेय केळ्यांचे नसून न खाल्लेल्या पावाचे आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले हॉलंडमधील हेग शहरातील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या. महायुद्धापूर्वीपासूनच त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. अशा काळात ही आजारी मुले मात्र सुधारताना दिसली, आणि पाव परत मिळू लागताच त्यांचे दुखणेही परतले. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध उट्रेख्ट विद्यापीठात सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला.

आपल्या देशापुरते पाहू. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रोगाचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. या रोगाला अनुकूल अशी जनुके मात्र तिन्ही भागांत साधारण एक तृतीयांश लोकांत होती. उत्तरेकडे गहू रोजच्या जेवणात पुष्कळ, दक्षिणेत अगदी थोडा. म्हणजे बीज बहुतेक सर्वत्र आहे. ते रुजण्यात ताटातील धान्याचाही वाटा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे विचार करण्यासारखे बरेच आहे. आमच्याच सोलापूरच्या घरात आजीच्या लहानपणी चपाती ही सणाची गोष्ट होती, रोजची ज्वारीची भाकरी. वडिलांना नोकरी लागल्यावर चपाती रोजची झाली आणि भाकरी मागे पडली.

तपासणीचा क्रम

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना सहा वर्षांच्या मुलाएवढा दिसे. डॉक्टरांना सीलिॲकचा संशय आला तेव्हा एका नातेवाइकांनी सुचवले, "मग आजपासून चपाती बंदच करा, तपासण्या कशाला?" डॉक्टरांनी मात्र बजावले, की सर्व अहवाल हाती येईपर्यंत गहू बंद करायचा नाही. कारण रक्तातील प्रतिपिंडे आणि आतड्यावरील घाव, दोन्ही गहू खाण्यामुळेच दिसतात. गहू सोडला की ती ओसरू लागतात आणि तपासणी खोटा निर्वाळा देऊ शकते. मग निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा गहू खाण्याची पाळी येते. ज्याने मुलाला अपाय होतो आहे तीच चपाती त्याच्या ताटात वाढताना आईचा हात अडखळे. पण तिने ती वाढली.

पहिली तपासणी रक्ताची असते. तीत टीटीजी नावाची प्रतिपिंडे मोजतात. ही आयजीए वर्गातील असतात आणि काही जणांच्या रक्तात हा वर्गच कमी असतो. म्हणून एकूण आयजीएही पाहतात. त्यानंतर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर तपासतात. मुलांत प्रतिपिंडांचे प्रमाण फारच मोठे असेल तर रक्ताच्या दुसऱ्या तपासणीवरून दुर्बिणीशिवायही निदान करता येते. तो निर्णय तज्ज्ञांचा.

भावाचे निदान पक्के झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा सर्वांना रक्त द्यायला सांगितले. रोग्याच्या आईवडिलांत व भावंडांत दहांपैकी सुमारे एकाला हा रोग निघू शकतो. वडील आणि मी सुटलो. आई सापडली! तिचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे आठाच्या आसपास असे. "बाईमाणसाच्या अंगात रक्त कमी असायचंच," असे म्हणून शेजारणींनी, नातेवाइकांनी आणि खुद्द तिनेही ते सोडून दिले होते. मुलाच्या आजाराने आईचा आजार उजेडात आणला. आपल्याकडील किती बायांच्या पंडुरोगाचे मूळ असे कधी तपासलेच गेले नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

स्वयंपाकघरातील शिस्त

पथ्य जन्मभराचे आणि पूर्ण असते. 'एखाद्या दिवशी चालेल' ही मुभा त्यात नाही. चपाती, पाव, बिस्किटे यांवर फुली मारणे सोपे. अवघड जातो तो लपलेला गहू. रवा, मैदा, शेवया, कुरडया आणि लापशी ही गव्हाचीच रूपे. खपली गहू पौष्टिक खरा, पण त्यातही ग्लुटेन असतेच. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू घालतात. बाजारच्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे. मर्यादा किती बारीक आहे ते यावरून कळेल.

म्हणूनच गिरणीचा प्रश्न आला. ज्या जात्यावर आधी गहू दळला त्यावरच आपली ज्वारी टाकली तर पिठात गहू उतरणारच. आम्ही घरघंटी घेतली. ज्वारी, बाजरी निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळतो. पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी आणि तवा नवे घेतले. पहिल्या महिन्यात दोन स्वयंपाक झाले, दोघांचा वेगळा आणि तिघांचा वेगळा. भाऊ आपले ताट घेऊन कोपऱ्यात बसू लागला. ते आजीने पाहिले आणि म्हणाली, "एका घरात दोन चुली कशाला? मी जन्म भाकरीवर काढला, तुम्हालाही काही होणार नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात गहू येत नाही. वडिलांना चपाती हवीच असेल तर ते बाहेर खातात.

या सोयीचा आपल्या प्रांताला अभिमान वाटावा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका आणि सर्व डाळी मुळातच निर्धोक आहेत. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा ही उपवासाची यादी तर बहुतेक सबंध चालते. पाकिटातील महागडे पदार्थ न घेताही महिन्याचा खर्च आवाक्यात राहतो.

कठीण आहे ते चार लोकांत वावरणे. लग्नाच्या पंगतीत "एवढ्याशा पुरीने काय होतंय?" असा आग्रह होतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा; तो नाकारला तर लोक दुखावतात. आमच्या घरच्या पूजेला आजीने तांदळाच्या रव्याचा शिरा केला. देव भावाचा भुकेला, धान्याचा नव्हे, हे तिने कोणतेही व्याख्यान न देता दाखवून दिले.

समारोप

वर्षभराने भावाची प्रतिपिंडे बरीच उतरली आणि त्याची गेल्या वर्षीची विजार आखूड झाली. आईचे हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले. औषध म्हणाल तर आरंभी काही महिने लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, एवढेच.

या लेखातून वाचकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संशय असेल तर गहू सोडण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. ऐकीव सल्ल्याने सोडलेला गहू निदान लांबवतो. आणि निदान झाल्यावर पथ्य रोग्याच्या एकट्याच्या माथी मारू नये. ज्या घरात एकाचे पथ्य सारे पाळतात, त्या घरात ते पथ्य राहत नाही. ते त्या घराचे रोजचे जेवण होते.