बांधावरचा मुंजा

देवऋषीला त्या रात्रीच चार शब्द सुनावायला हवे होते. मी गप्प बसलो, ते अजून सलतंय.

दिवाळी झालेली, तंबाखूचे शेंडे खुडायचं चाललेलं. पुतण्या कॉलेजात शिकणारा, रानात नवखा. पहाटेच्या दहिवरात कोपरापर्यंत भिजून दुपारपर्यंत खुडत राहिला. रात्री ओकाऱ्या, गरगर, गार घाम. काकू म्हणाली, "पिंपळाखालच्या मुंज्यानं धरलंय पोराला." निपाणी गाडीवर पंधरा मिनिटं, पण बोलावणं गेलं देवऋषीला.

अंगारा झाला, नारळ-लिंबाचा उतारा झाला. मग पोटदुखीवर म्हणून त्यानं तंबाखूचं पान एरंडेल लावून तव्यावर गरम केलं आणि बेंबीवर बांधलं. वर दम दिला, "सोडाल तर मी जबाबदार नाही." तासाभरात पोरगं थरथरायला लागलं. तर हा म्हणतो, "बघा, मुंजा सुटायला लागला!"

शेवटी पोराला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी त्याचा सदरा वर केला, पान ओढून टाकलं, साबणानं पोट धुवून घेतलं आणि विचारलं, "ओल्या तंबाखूत होता का हा?" मी पायरीवर जाऊन बसलो. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. ते कमी पडलं म्हणून आम्ही आणखी एक पान बांधलं होतं.

हा त्रास बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतो. देवऋषीनं उतारा टाकायचा, दोन दिवस थांबायचं, नारळ-कोंबडा वसूल करायचा! आमचा मुंजाही नेमका खुडणीतच आणि नवख्यांनाच धरायचा. तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वाटेला तो फारसा जात नसे. निकोटिन त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

तेव्हा दहिवर वाळल्याशिवाय पिकात शिरू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे घाला. कपडे भिजले तर लगेच बदला, हात साबणानं धुवा. दवाखान्यात 'तंबाखूत काम केलं' हे आधी सांगा. उगाच घाबरू नका, पण ओकाऱ्या थांबेनात तर वाटही बघू नका. जादूटोण्याविरुद्ध कायदे आहेत हो, महाराष्ट्रात २०१३ चा, आपल्या कर्नाटकात २०१७ चा. पण मध्यरात्री हाकेला देवऋषीच येतो.

"निम्मं मी काढलं होतं, डॉक्टरनं नाव कमावलं," असं तो गावभर सांगतो. यंदा त्याचाच पोरगा आमच्याकडं हातमोजे मागायला आला. दिले. कोंबड्याचे पैसे तेवढे राहिलेत.