मस्कतमध्ये घर घ्यायचे, तर कोणत्या भागात?

आखातात कमावणाऱ्या आपल्या पोरांना हल्ली गावी बंगला बांधण्याऐवजी तिकडेच एखादा फ्लॅट घ्यावा असे वाटू लागले आहे. विचार वाईट नाही. पण भाग निवडताना आपले लोक इमारतीची लिफ्ट आणि बाल्कनीतून दिसणारा समुद्र पाहतात, आणि फसतात. व्यापारी बंधूंच्या माहितीसाठी अनुभव लिहितो.

माझा भाचा मस्कतला एका कंपनीत हिशेबनीस आहे. कापडाचे नमुने घेऊन मी मत्रा बाजारात गेलो होतो, तेव्हा तो मला आमरात भागात एक फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. पाचशे रियाल बयाणा देऊन बसला होता. दलाल म्हणाला, "चाचा, निन्यानवे साल की मिल्कियत है, समझो अपनाही है." कागद अरबीत होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. अरबी भाषा येत नाही, पण अक्षरे वाचता येतात. मथळ्यातच 'हक्क इंतिफा' असे शब्द होते. आपला 'नफा' आणि हा 'इंतिफा' एकाच मुळातले शब्द आहेत. अर्थ इतकाच की मुदतीपुरता वापर करा, भाडे खा, फायदा घ्या, मालकी दुसऱ्याची. भाच्याचा चेहरा उतरला.

म्हणून मस्कतमध्ये भाग निवडण्याआधी कायदा समजून घ्यावा. ओमानमध्ये परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळते ती २००६ च्या शाही फर्मानानुसार, ठरावीक पर्यटन संकुलांतच. विमानतळाजवळचे अल मौज (पूर्वीचे नाव द वेव्ह), मस्कत हिल्स, डोंगरापलीकडचे जबल सिफा ही अशी संकुले. तेथे घर घेणाऱ्याला निवासाचा परवानाही मिळतो. पण किंमत जबर, देखभालीचा खर्च दरवर्षीचा, आणि भाडेकरू बहुतेक मोठ्या पगाराचे कंपनीवाले. दुसरा मार्ग २०२० मध्ये खुला झाला. तिकडे राहणाऱ्या परदेशी नोकरदारांना बौशर, सीब आणि आमरात या विलायतींत बहुमजली इमारतींतील फ्लॅट इंतिफाच्या हक्काने, जास्तीत जास्त ९९ वर्षांपर्यंत घेण्याची मुभा मिळाली. इंतिफा वाईट आहे असे नाही. किंमत कमी असेल तर हिशेब बसतो. पण मालकीचा भाव देऊन मुदतीचा हक्क घेणे म्हणजे कटपीस घेऊन थानाचे पैसे देणे. विकायला निघाल तेव्हा घेणारा आधी उरलेली वर्षे मोजणार.

गंमत अशी की आपल्या लोकांना सर्वात ओळखीचे रूवी आणि मत्रा या मुभेत येत नाहीत. मत्र्याच्या बाजारात आपल्याकडचे व्यापारी पिढ्यान् पिढ्या आहेत. १९७० पर्यंत तेथे रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया चालत होता, आणि आजही रियालचे हजार 'बैसे' होतात, म्हणजे आपलेच पैसे. पण ओळख वेगळी आणि खरेदी वेगळी. शिवाय २०१४ मध्ये मालवाहू जहाजे मत्र्याच्या बंदरातून सोहारला गेली, तेव्हापासून त्या बाजाराची चालही बदलली आहे.

आता पाण्याची गोष्ट. मस्कत म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली लांब चिंचोळी पट्टी. डोंगरातून येणाऱ्या नद्यांना तेथे वादी म्हणतात. वर्षभर कोरड्या, त्यात गाड्या लावतात, पोरे क्रिकेट खेळतात. डोंगरात ढग फुटला की तासाभरात पाण्याचा लोंढा. जून २००७ मध्ये गोनू वादळ आले तेव्हा वादी अदईत माझ्या एका नातलगाचे भाड्याचे गोडाऊन होते. खालच्या सगळ्या गाठी भिजल्या. लाल कापडाचा रंग उतरून पांढऱ्या थानांवर चढला. तो माल नंतर पोछ्याच्या भावानेही गेला नाही. विमा नव्हता. तो माणूस पुन्हा उभा राहिला नाही, गावी येऊन आज पुतण्याच्या दुकानात बसतो. त्यानंतर बंधारे झाले, तरी २०१० मध्ये फेत आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळाने शहराला पुन्हा दणका दिला.

आमरात स्वस्त आहे ते उगीच नाही. ते डोंगरामागे आहे. शहरात यायला वादी अदईचा रस्ता किंवा बौशरकडचा घाट. घुब्रा, खुवैर, कुरुम येथेही सखल गल्ल्या आहेत. तेव्हा दलालाला विचारू नका. तिथल्या जुन्या किराणावाल्याला, इमारतीच्या नातूरला विचारा की गोनूत आणि शाहीनमध्ये पाणी कुठवर आले होते. तळघराच्या भिंतीवरचा डाग पाहा. विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत तेही पाहा, ते खोटे बोलत नाहीत. सखल जागी तळमजला फुकट मिळाला तरी घेऊ नये.

भाड्यासाठी घेत असाल तर शाळा जवळ हवी. आपल्याकडचे कुटुंबवाले इंडियन स्कूल पाहून घर घेतात. घुब्रा आणि मबेला येथे त्या आहेत, आणि हे दोन्ही भाग वरच्या तीन विलायतींत येतात. एकट्या कामगारांवर चालणारी इमारत टाळावी. २०२० च्या कोरोना काळात हजारो परदेशी परत गेले आणि अशा इमारतींत कुलपे लागली.

पैसे कोठून जातात हेही महत्त्वाचे. भाचा तिकडची कमाई तिकडेच लावतो, त्याला अडचण नाही. कायमचा परत आला तरी ती मिळकत ठेवू शकतो. पण येथे राहणाऱ्या व्यापाऱ्याने बँकेतूनच रक्कम पाठवावी. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यावर बँक नियमाप्रमाणे कर कापून घेते, तो विवरणपत्रात वळता होतो. तिकडची मिळकत विवरणपत्रात दाखवलीच पाहिजे, नाहीतर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. हुंडीने पाठवलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही, मग ती मिळकत तुमची असूनही तुम्ही ती सिद्ध करू शकत नाही.

सही करण्यापूर्वी ओमानच्या गृहनिर्माण मंत्रालयात जाऊन त्या दिवसाचा नियम विचारून घ्यावा, आणि अरबी कागदाचा तर्जुमा दलालाकडून नव्हे, परवानाधारक माणसाकडून करवून घ्यावा. त्याला लागतात ते थोडे रियाल.

भाच्याने सही केली नाही. बयाणा गेला. आता मबेल्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट पाहून ठेवला आहे. त्याला म्हटले, पाऊस पडेल त्या दिवशी जाऊन गल्ली बघ. मस्कतमध्ये पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो. तोवर पैसे बँकेत आहेत.