राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याच्या दफ्तरात मी रोजंदारीवर कारकुनी करीत होते, तेथील साहेबांनी माझे दिवस भरत आल्याचे पाहून, केवळ माझ्याच हिताची चिंता वाहत असल्याच्या स्वरात, ‘बाई, तूर्त राजीनामा देऊन ठेवा, बाळंतपण उरकले की पुन्हा घेऊ,’ असा सल्ला दिला. परंतु माझ्या आधी हाच सल्ला शिरोधार्य मानणाऱ्या एका भगिनीची जागा पुढे तिला मिळाली नव्हती, हे मला ठाऊक होते.

‘रोजंदारीला रजा कसली?’ हा त्यांचा युक्तिवाद निराधार होता. 1961 च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने कायम व रोजंदारी असा भेद केलेला नाही, दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तेच सांगितले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरले असल्यास पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे आणि त्यापुढे 12 आठवडे भरपगारी रजा मिळते, व त्या काळात नोकरीवरून कमी करणे बेकायदेशीर ठरते. ज्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी 1928 साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाचा पुरस्कार केला, त्याच मुलखात हा हक्क मेहेरबानी समजला जावा, याचे वैषम्य वाटते.

माहेरी बावड्याला निघण्यापूर्वी मी डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज दिला आणि आवक-बारनिशीत त्याची नोंद होऊन माझ्या प्रतीवर क्रमांक, तारीख व जांभळी मोहोर उमटेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. त्यानंतर राजीनाम्याचा विषय निघाला नाही. पैसे विलंबाने आले, पण आले.

म्हणून भगिनींनो, नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या व हजेरीच्या नकला घरी जपून ठेवा. अर्जात रजेची आरंभतारीख आणि रक्कम कोणाला द्यावी हे नमूद करा. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ, व उर्वरित रक्कम प्रसूतीचा दाखला दिल्यापासून 48 तासांत देणे मालकावर बंधनकारक आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असल्यास ती महामंडळाकडून मिळते. टाळाटाळ झाल्यास निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत मात्र तसा कायदा नसल्याने पतीच्या रजेविषयी आधीच विचारून ठेवा. आणि पुन्हा कामावर घेण्याचे आश्वासन कितीही गोड असले, तरी राजीनाम्यावर सही करू नका.