नियमित व्यायाम आणि रात्रीची झोप
(कोलकात्यातील मराठी कुटुंबांसाठी आरोग्यविषयक माहिती)

अंथरुणावर पडल्यावर बराच वेळ झोप न लागणे, मध्यरात्री जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, आणि त्यामुळे दिवसा थकवा वा चिडचिड जाणवणे, असा त्रास आठवड्यातून किमान 3 रात्री होऊन तो 3 महिने टिकला, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. नियमित व्यायामाने हा त्रास कमी होऊ शकतो. मात्र व्यायाम हा झोपेच्या गोळीसारखा त्याच रात्री गुण देत नाही, हे आपण प्रथम ध्यानात घ्यावे.

“आठवडाभर चाललो, काही उपयोग झाला नाही,” हे वाक्य परिचारिका म्हणून काम करताना मी पुष्कळदा ऐकले आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निद्रानाश असलेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या 55 वर्षांवरील व्यक्तींचा अभ्यास झाला; तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेच्या चांगल्या सवयींसह 16 आठवडे व्यायाम केल्यावर त्यांची झोप सुधारली आणि दिवसाची पेंगही कमी झाली. गट लहान होता, परंतु त्यातील काही स्त्रियांच्या नोंदी पुढे तपासल्या असता एक उपयुक्त गोष्ट दिसली. व्यायाम केलेल्या दिवसाच्या रात्री झोपेत विशेष फरक पडत नसे. उलट ज्या रात्री झोप बिघडे, त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी होई. म्हणजे आपला नेम मोडतो तो बहुधा जागरणानंतरच्या दिवशी. त्या दिवशी वेग कमी ठेवा, वेळ निम्मी करा, पण घराबाहेर पडाच.

श्रमांमुळे शरीरात झोपेची ओढ वाढते, मनावरील ताण हलका होतो, आणि व्यायामाने वाढलेले शरीराचे तापमान नंतर उतरू लागले की झोप येण्यास साहाय्य होते. उघड्यावर चालल्यास यात सूर्यप्रकाशाची भर पडते. तो मेंदूतील दिनरात्रीचे घड्याळ लावतो.

येथे कोलकात्याचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबई आणि कोलकाता यांची घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण सूर्य येथे सुमारे एक तास आधी उगवतो. जूनमध्ये पहाटे 5 च्या आतच उजाडते आणि डिसेंबरच्या आरंभी सायंकाळी 5 च्या सुमारास सूर्यास्त होतो. महाराष्ट्रातून बदलीने आलेल्या कुटुंबांच्या जेवणाझोपेच्या वेळा मात्र अनेकदा जुन्याच राहतात. ज्यांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, त्यांनी सकाळच्या उन्हात चालावे. ज्यांना पहाटे 3-4 वाजताच जाग येते, विशेषतः घरातील आजी-आजोबांना, त्यांनी पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावावा आणि दिवस मावळण्यापूर्वी फिरून यावे. सर्वांना पहाटेच फिरण्याचा आग्रह करणे मला योग्य वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. सवय नसल्यास 10 मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्यास थोडी वाढ करावी. रवींद्र सरोवर किंवा मैदान जवळ असल्यास उत्तम, नसल्यास इमारतीची गच्चीही पुरते. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचले की घरातच सूर्यनमस्कार घालावेत. वैशाखातील दमट उकाड्यात दुपार टाळावी व पाणी पीत राहावे; हिवाळ्यात पहाटेच्या धुरक्यात न जाता ऊन वर आल्यावर निघावे. दम लागेल असा व्यायाम झोपण्यापूर्वी किमान एक-दोन तास आधी संपवावा.

दुपारच्या भातानंतरची वामकुक्षी, शेजारी जिला भातघुम म्हणतात, ती 20-30 मिनिटांत आटोपावी. लांबली तर सायंकाळच्या फेरीने मिळवलेली झोपेची ओढ तीच खाऊन टाकते. गप्पांच्या अड्ड्यावरील रात्रीच्या चहाचेही तसेच आहे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा इन्सुलिन चालू असलेला मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून आरंभ करावा. चालताना छातीत दुखले, घेरी आली किंवा श्वास कोंडला तर तत्काळ थांबून वैद्यकीय साहाय्य घ्यावे. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे हा वेगळा आजार असू शकतो. तो स्वतःच्या लक्षात येत नाही, म्हणून घरच्यांनी पाहून डॉक्टरांना सांगावे. झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. चालू असलेल्या गोळ्या एकदम बंदही करू नयेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्यात. निद्रानाशाबरोबर उदासी, धास्ती किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानसच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही बोलता येते.